नक्कल ठरायला साठ पुरे

माझं नाव तुम्ही वाचलेलं आहे. आठवणार नाही, पण वाचलेलं आहे. गेली तीन वर्षं फोनवर कुठलंही शास्त्रीय गाणं लावलं की खाली बारीक अक्षरांत नावांची रांग यायची. गायक, तबला, पेटी, आणि सगळ्यात शेवटी ‘तंबोरा, नादकर्ता: सतीश सुतार, कुरुंदवाड’. चारशे बारा ध्वनिमुद्रणांखाली ते नाव होतं. आता नाही. का नाही, ते सांगायला बसलोय. गावात मला तिरसट म्हणतात, तोंडावर म्हणतात. म्हणू देत. गिऱ्हाइकावर आयुष्यभर काढला तो तिरसटपणा आज जरा स्वतःवर काढतो.

आधी जवारी म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तंबोऱ्याच्या तारा खाली भोपळ्यावरच्या एका हाडाच्या पाटावर टेकतात. त्या पाटाला घोडी म्हणतात. वरून ती सपाट दिसते, पण सपाट नसते, तिला केसाएवढा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर एका जागी गप्प बसत नाही. टेकते, सुटते, परत टेकते, आणि त्या टेकण्यासुटण्यात एका सुराच्या पोटातून दुसरे सूर उलगडत जातात. तंबोरा जो भरून येतो, गाणाऱ्याला आधार देतो, तो त्यामुळं. हा उतार कानशीनं घासून काढायचा, याला जवारी काढणं म्हणतात. त्याला मापाची पट्टी नाही. कान हेच माप. घासणी इकडं चुकली तर तंबोरा मुका, तिकडं चुकली तर कढईत मोहरी तडतडावी तसा.

आठ-नऊ वर्षांपूर्वी धारवाडकडच्या एका नादशास्त्रज्ञ बाईंनी एक गोष्ट सिद्ध केली. घासणारा माणूस कानशीवर किती वजन टाकतो, श्वासाबरोबर त्याचा हात कसा हलतो, परत येताना कानस किती उचलतो, याच्या हजारो बारीक रेघा घोडीवर राहतात. तार दर छेडीला त्या रेघांवरून जाते आणि रेघा सुरात उमटतात. माणसाच्या कानाला ते सुटं ऐकू येत नाही, यंत्राला येतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या खरखरत्या ध्वनिफितीतूनही येतं. त्या बाईंनी त्याला ‘हात’ असंच नाव दिलं, कारण आम्ही कारागीर तेच म्हणतो. जसं हस्ताक्षर, तसा जवारीचा हात, एकाचा दुसऱ्यासारखा नाही, असं त्यांचं म्हणणं.

तोवर नेटवर चोरीचा कहर झाला होता. जुन्या मैफिलींतला तंबोरा यंत्रानं उचलायचा, आपल्या नावावर विकायचा. म्हणून कायदा आला. नाद घडवणाराही कलाकारच, त्याचं नाव खाली आलं पाहिजे, आणि त्याच्या हाताची नक्कल कुणी नेटवर टाकली तर ती काढून घ्यायचा हक्क त्याला मिळाला पाहिजे. कायद्याचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही म्हणेन. हाताची नोंद करायला सांगलीत केंद्र उघडलं. तिथून पत्र आलं की आपण स्वतः घासलेल्या पाच घोड्या नमुना म्हणून पाठवा.

मी दुकानातल्या काचेच्या कपाटातून पाच घोड्या काढल्या, कापसात गुंडाळल्या आणि पाठवून दिल्या. त्या पाचही माझ्या अक्कानं घासलेल्या होत्या.

आता म्हणाल, सरळसरळ लबाडी केली. तेव्हा मला तशी वाटली नाही, आणि हेच मला आता जास्त टोचतं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, मिरजेत एका उस्तादांकडे शिकले आणि कुरुंदवाडात दुकान टाकलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, दुकानातून बाहेर पडलेली वस्तू मालकाच्या हातची. भोपळा कुणी कोरला, खुंट्या कुणी बसवल्या, कुणी विचारत नाही. अण्णांची नजर गेली तेव्हा अक्का वीस-एकवीसची होती. ती मागच्या पडवीत बसून घासायची आणि अण्णा पुढं गिऱ्हाइकाला म्हणायचे, सुतारांची जवारी आहे, ऐका. पुण्याहून, हुबळीहून लोक यायचे आणि अण्णांच्या पाया पडून जायचे. बाई माणूस पुढं दुकानात बसत नव्हतं. अक्काचं लग्न गणेशवाडीत झालं, इथून आठ-नऊ किलोमीटर. अण्णा गेले, दुकान माझ्याकडं आलं, आणि घोड्या एसटीनं पिशवीतून तिच्याकडं जायला लागल्या, घासून परत यायला लागल्या. तीस वर्षं. त्याबदली काय, तर भाऊबीजेला साडी. मला स्वतःला जवारी येत होती, पण बरी नव्हती. माझा तंबोरा तडतडायचा. मी भोपळे, दांड्या, रंग यात वस्ताद, पण गाणारे लोक भोपळ्यासाठी येत नाहीत.

यंत्रानं आमच्या दुकानचे तंबोरे जिथं जिथं ओळखले तिथं खाली माझं नाव लागलं आणि मी हवेत गेलो. गावातल्या संगीत मंडळानं सत्कार केला, शाल, श्रीफळ, फेटा. वर्तमानपत्रात मुलाखत आली. अण्णांनी लहानपणी माझा हात धरून कानस कशी फिरवायला शिकवली ते मी त्यात रंगवून सांगितलं. अण्णांनी माझा हात धरला होता तो फक्त कान पिळायला सोयीचं पडावं म्हणून, पण ते कशाला सांगायचं.

नोंद झाल्यावर केंद्राचं यंत्र कामाला लागलं. ते रोज नेटवरचे सगळे तंबोरे ऐकत फिरायचं. नोंदलेल्या हाताशी साठ टक्क्यांच्या वर साम्य सापडलं आणि नोंदवाल्याची परवानगी नसली की माझ्या वतीनं आपोआप तक्रार जायची. समोरच्याला माझं नाव दिसायचं नाही, फक्त नोंदणी क्रमांक. दिवसभरात ते ध्वनिमुद्रण खाली उतरायचं आणि माझ्या फोनवर संदेश यायचा, ‘आपल्या हाताची एक नक्कल हटवली.’ मी एकदाही उघडून बघितलं नाही कुणाचं काय हटवलं. सकाळी चहा पिताना तो संदेश वाचायचा आणि बायकोला ऐकवायचं की मोठ्या माणसाचीच नक्कल होते. ती म्हणायची, मोठ्या माणसानं उघडून बघावं की जरा. मी म्हणायचो, तुला काय कळतंय त्यातलं.

गौरी-गणपती झाल्यावर एका रविवारी सकाळी अक्का आली. वाडीची बासुंदी घेऊन आली, नेहमीसारखी. बासष्ट वर्षांची बाई, पण बसायच्या आधी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. भावजी गेल्यापासून तिनं नेटवर धडे टाकायला सुरुवात केली होती, ‘जवारी घरच्या घरी’. मला माहीत होतं, मी कधी बघितले नव्हते. सहा बायका तिच्याकडून मनापासून शिकत होत्या, एक रत्नागिरीची, एक बेळगावची, कुठली कुठली. तर तिचे दोन धडे हटवले गेले होते आणि आता तिसऱ्यावर तक्रार आली होती. ही तिसरी टिकली तर सगळे धडे कायमचे जाणार आणि तिचं नाव नक्कलकारांच्या यादीत चढणार. त्या यादीतलं नाव नेटवर कुणालाही दिसतं, आणि एकदा चढलं की उतरत नाही.

“मला नक्कल करणारी म्हणतायत सतू,” ती म्हणाली. “धडे गेले तर गेले. पण त्या सहा जणी यादीत माझं नाव वाचतील. तू असले फॉर्म भरतोस, मला हरकत लिहून दे.”

मी विचारलं, तक्रार कुणाची आहे. तिनं सांगितलं, नुसता आकडा आहे, पण मूळ नाद म्हणून एक तुकडा ऐकायला ठेवलाय. आणि तिनं फोन टेबलावर ठेवून तो लावला. पाच-सहा सेकंदांचा तुकडा. खर्जाची तार सुटली, भरली, आणि विझता विझता तिच्यातून गंधार वर आला. ती घोडी मी ओळखली. अण्णा गेले त्या वर्षी घासलेली, कपाटात वरच्या फळीवर बरीच वर्षं होती. मी पाठवलेल्या पाचांतली पहिली. आकडाही मी वाचला, माझाच होता.

अक्का फोनकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, यंत्राची काहीतरी चूक दिसते. ती म्हणाली, यंत्राची? मी म्हणालो, होय, यंत्रं चुकतात कधी कधी. तिनं फोन उचलून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, मग लिही.

मी लिहिली. माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच दाव्याविरुद्ध, बहिणीच्या नावानं हरकत लिहिली, आणि इतकी झकास लिहिली की काय सांगू. ‘हा हात माझा स्वतःचा आहे. तो मी चाळीस वर्षांच्या कामातून कमावला आहे आणि कुणाकडूनही उचललेला नाही.’ वाचून दाखवली तेव्हा अक्का म्हणाली, छान लिहिलंस. बायकोनं बासुंदीच्या वाट्या आणल्या. मी ती बासुंदी खाल्ली. गळ्याखाली उतरली की माझ्या, लाज नसलेल्या माणसाच्या.

तिसऱ्या दिवशी केंद्राकडून मला पत्र आलं. आपल्या दाव्यावर हरकत आली आहे, दहा दिवसांत कळवा. दोन वाटा होत्या. पहिली, दावा मागे घ्या. मग हरकत घेणाऱ्याचा हात चाचणीशिवाय थेट त्याच्या नावानं नोंदला जाईल, चारशे बारा ध्वनिमुद्रणांखाली त्याचं नाव लागेल आणि तुमचं निघेल. दुसरी, दावा कायम ठेवा. मग दोघांनी केंद्रात येऊन यंत्रासमोर घोडी घासायची. नमुन्याशी पंचाहत्तर टक्के जुळेल त्याचा हात. दोघंही पंचाहत्तरच्या वर गेले तर दोघांची नावं लागतील. जो खाली राहील त्याचा हक्क संपला आणि तो निकाल पुढं बदलणार नाही. थोडक्यात, नक्कल ठरायला साठ पुरे, मालक ठरायला पंचाहत्तर हवेत.

दहा दिवस म्हणजे काय थोडे असतात? एक बटण दाबायचं होतं. दाबलं असतं तर अक्काला काही न करता सगळं मिळालं असतं. मी रोज ते पत्र उघडायचो आणि मला फेटा दिसायचा. संगीत मंडळाचे लोक दिसायचे, मुलाखत घेणारा दिसायचा, चौकात पान खात उभे असलेले आणि ‘सुतारांची जवारी बहिणीची निघाली’ म्हणून दात काढणारे दिसायचे. नऊ दिवस हे असं. मग माझ्या डोक्यात ती दुसरी ओळ घर करून बसली, दोघंही वर गेले तर दोघांची नावं. म्हणजे मी नुसता पंचाहत्तरला पोचलो तर कुणाचंच काही जात नाही. अक्काचंही नाव, माझंही. वाटायला लागलं की हाच न्याय आहे. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो बघा.

मी दावा कायम ठेवला. चाचणीची तारीख पुढच्या बुधवारची मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणेशवाडीला गेलो. अक्काला सांगितलं की चाचणी आहे म्हणतात, हरकतीला जोडायला तुझी घासायची पद्धत सविस्तर लिहून द्यायला पाहिजे, दाखव जरा. तिनं काही विचारलं नाही. पाट टाकला, कानस काढली, आणि एक कोरी घोडी माझ्याही हातात दिली. नुसतं बघून काय लिहिणार, म्हणाली, करून बघ.

पाच दिवस गेलो. पाचही दिवस तिनं मला शिकवलं. साठीला टेकलेला मी, पहिल्यांदा माझ्या बहिणीपुढं शिकायला बसलो. ती श्वास सोडताना कानस पुढं न्यायची आणि घेताना हात उचलून थांबायची, तिथं मी आयुष्यभर श्वास कोंडून घासत आलो होतो. माझा तडतडाट त्यामुळं होता. कानशीवर वजन मनगटाचं नाही, कोपराचं टाकायचं. दहा घासण्यांनंतर तार लावून ऐकायचं, ऐकताना डोळे मिटायचे नाहीत, कारण डोळे मिटले की माणूस स्वतःच्या कामावर खूश होतो. हे सगळं ती मला तशीच सांगत होती जशी त्या सहा जणींना सांगत असेल, न चिडता, परत परत. तिसऱ्या दिवशी माझा तंबोरा तडतडायचा थांबला. चौथ्या दिवशी खर्जातून गंधार वर आला. मी अक्काकडं बघितलं, ती हसली. मलाही आनंद झाला, खरा आनंद, आणि दुसऱ्याच क्षणी तो कुठल्या कामासाठी आहे ते आठवलं.

तिचा उजवा अंगठा धरला होता. सांधा सुजलेला, लाटणंसुद्धा नीट धरवत नाही म्हणाली. घासताना ती कानस दोन बोटांत आणि तळहातात अडकवून चालवत होती. मी ते बघितलं. तिच्या हाताला आता पूर्वीचं वळण राहिलं नसेल हे चाळीस वर्षं कारागिरांत काढलेल्या माणसाला कळत नाही होय? कळलं. पण मी मनाशी म्हटलं, अक्का आहे ती, तिचं होईल.

शेवटच्या दिवशी मी निघताना ती दारापर्यंत आली.

“आणखी काही विचारायचंय?”

“नाही.”

“काही सांगायचंय?”

“नाही अक्का,” मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

बुधवारी सांगलीच्या केंद्रात आम्ही समोरासमोर आलो. तिथल्या अधिकारी तेरदाळे बाई. तरुण, नियमाला पक्क्या, बोलायला गोड. त्यांनी ओळख करून दिली, हे तक्रारदार, या हरकतदार. मी मान खाली घातली होती. अक्का दचकेल, काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतो. ती नुसती म्हणाली, जेवून आलास का. तेरदाळे बाईंनी दोघांची आडनावं वेगळी बघितली होती, त्यांना नातं कळलं नसावं.

दोन टेबलं, मध्ये पडदा, दोघांना सारख्या कोऱ्या घोड्या, सारख्या कानशी, सारखे तंबोरे. दोन तास दिले होते. पडद्याच्या पलीकडून तिच्या कानशीचा आवाज येत होता आणि तो मध्येच थांबत होता. पूर्वी तो थांबायचा श्वासासाठी. आता थांबत होता तो अंगठ्यासाठी. मी अडीच-तीन फुटांवर बसून ते ऐकत होतो आणि माझा हात, तिनं शिकवलेला हात, श्वासाबरोबर व्यवस्थित पुढंमागं होत होता. थांबव रे, असं मला आतून कोणी म्हणालं नाही. खोटं कशाला सांगू. मला त्या वेळी एकच वाटत होतं, पंचाहत्तर.

तारा चढवल्या, यंत्रानं दोन्ही तंबोरे ऐकले. तेरदाळे बाईंनी कागद वाचला. तक्रारदार, अठ्ठ्याहत्तर टक्के. हरकतदार, चौसष्ट.

बाईंनी माझं अभिनंदन केलं. मग अक्काला समजावून सांगितलं, आवाज अगदी हळू ठेवून. चौसष्ट म्हणजे पंचाहत्तरच्या खाली, त्यामुळं हक्क नाही. आणि साठच्या वर, त्यामुळं तक्रारीनुसार ती नक्कल ठरते. धडे आज हटतील आणि नाव यादीत जाईल. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाल्या, चांगल्या कारागिराचं अनुकरण पुष्कळ लोक नकळत करतात. आणि निकाल समजल्याच्या सहीसाठी त्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला.

 अक्कानं पेन उचललं आणि ते तिच्या हातातून निसटलं. दोन तास कानस धरून अंगठा वळेना झाला होता. तिनं परत उचललं, परत निसटलं. मग तिनं पेन मुठीत धरलं, लहान पोर खडू धरतं तसं, आणि कागदावर वाकली. ज्या हाताचं नाव चारशे बारा ठिकाणी लागायला पाहिजे होतं त्या हाताला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि लिहायचं होतं ते काय, तर मी नक्कल केली.

मी उठलो. म्हणालो, बाई, थांबा. त्या पाच घोड्या हिच्या आहेत. मी कधीच घासल्या नाहीत. ही माझी सख्खी बहीण आहे आणि आज मी जे घासलं ते हिनंच मला गेल्या आठवड्यात शिकवलंय. माझा दावा खोटा आहे, माझं नाव काढा आणि हिचं लावा.

 तेरदाळे बाईंनी संगणकाच्या पडद्यावर नियम उघडला आणि दोनदा वाचला. दावा आत्ताही मागे घेता येतो, म्हणाल्या. मागे घेतला की तक्रार संपते, धडे परत येतात, यांचं नाव यादीत जात नाही. तुमचं नाव सगळीकडून निघेल. पण हात यांच्या नावावर करता येणार नाही. चाचणी झालेली आहे, आणि यांचे चौसष्ट आहेत.

मी म्हणालो, अहो, मी स्वतः सांगतोय. त्या म्हणाल्या, साहेब, तुम्ही अठ्ठ्याहत्तर टक्के जुळणारी घोडी माझ्यासमोर घासलीत, आता तुमच्या तोंडी सांगण्यावर मी काय लिहू. मग त्या रकान्यात काय येईल, मी विचारलं. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. तिथं आधीच आलेलं होतं. नादकर्ता: अज्ञात.

“आणि मी चाचणीच्या आधी मागे घेतला असता तर?”

“तर काही प्रश्नच नव्हता,” बाई म्हणाल्या. “यांचं नाव त्याच दिवशी लागलं असतं.”

हे अक्कानं ऐकलं. तिनं पदरानं अंगठा दाबून धरला होता.  जिन्यात मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो तर ती बाजूला झाली.

“तुझ्या घरी ती घोडी वाजली ना, तेव्हाच तुझं तोंड बघितलं होतं मी,” ती म्हणाली. “स्वतःची घोडी ओळखायला मला यंत्र लागत नाही. म्हटलं, हरकत लिहिताना सांगेल. मग म्हटलं, घरी आलाय तर आता सांगेल.”

“मग शिकवलंस कशाला मला?”

“शिकायला आला होतास रे. शिकायला आलेल्याला नाही कसं म्हणायचं?”

एवढं बोलून ती रिक्षात बसली आणि स्टँडवर गेली. मी गाडी आणली होती, पण सोडतो म्हणायची माझी छाती झाली नाही.

गावात जे व्हायचं ते झालं. मंडळानं फलकावरचं नाव पुसलं, चौकात दात काढायचे त्यांनी काढले, आणि महिनाभरात दुसरा विषय मिळाल्यावर थांबले. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी दहा दिवस गप्प बसलो तिची किंमत एक महिना होती. चारशे बारा ध्वनिमुद्रणांखाली आता अज्ञात आहे आणि ते तसंच राहणार. मी वकिलाला विचारलं, केंद्राला तीनदा अर्ज केला, धारवाडच्या त्या शास्त्रज्ञ बाईंनाही लिहिलं. त्यांचं प्रांजळ उत्तर आलं. हात वयानं बदलतो आणि शिकवण्यानं दुसऱ्यात उतरतो, हे आमच्या मापनात धरलेलंच नव्हतं, पुढच्या आवृत्तीत धरू. पुढच्या आवृत्तीत. तोवर अक्काच्या अंगठ्याचं काय व्हायचं ते होऊन जाईल.

अडीच महिने मी गणेशवाडीला गेलो नाही. मग बायकोनं एका गुरुवारी हाताला धरून घराबाहेर काढलं. गेलो तर अक्काच्या घरी पुढच्या सोप्यात त्या सहाही जणी बसलेल्या, आपापल्या गावाहून दोन दिवसांसाठी आलेल्या, प्रत्येकीच्या पुढं पाट आणि घोडी. अक्का आता स्वतः घासत नव्हती, तोंडानं सांगत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं मला बघितलं, सातवा पाट टाकला आणि कानस माझ्यापुढं ठेवली. माझी गरज होती तिला. सांगता येत होतं, करून दाखवायला हात चालत नव्हता. मी बसलो आणि ती म्हणेल तसं घासून दाखवायला लागलो. खर्जातून गंधार वर आला, बायका माना डोलवायला लागल्या, आणि रत्नागिरीच्या बाईंनी विचारलं, हे कोण हो?

मला वाटलं, आता ती सांगेल. सांगावं असंच वाटत होतं मला, सगळ्यांसमोर, एकदाचं.

“माझा धाकटा भाऊ,” अक्का म्हणाली. “याच्याकडं नीट बघून घ्या. हात चांगला आहे त्याचा.”